तीन मिनिटं न नाचता

लोकशाहीवर नवं काहीतरी बसवा, पैसे आम्ही देतो, असं लोकशाही कला निधीचं पत्रक होतं. राजधानीतली संस्था, कागद गुळगुळीत. मी ते घरी आणून नसिबेको मावशीला वाचून दाखवलं. ती अंगणात मासे वाळत घालत होती. मान वर न करता म्हणाली, "आता लोकशाहीसाठी नाचायचं का? तिच्या आधीच्यांसाठी नाचून नाचून आमचे गुडघे गेले."

आमच्या बायकांच्या नाचमंडळानं काय बसवायचं ते मला तिथंच कळलं.

जुन्या राजवटीत पुढारी दौऱ्यावर निघाला की पक्षाची माणसं ट्रक घेऊन गावात शिरायची. त्याचा चेहरा छापलेलं कापड कमरेला गुंडाळायचं, ट्रकमध्ये चढायचं आणि नेतील तिथं, ठेवतील तितके दिवस नाचायचं. नाही म्हणणाऱ्या बाईला बाजारात कुणी मीठसुद्धा विकत नसे. मावशी तेव्हा चोवीस वर्षांची होती. तिचा पहिला मुलगा, सात महिन्यांचा योसेफे, तापानं फणफणला होता. तिनं ट्रकवाल्याला सांगून पाहिलं. तो म्हणाला, शेजारीण कशाला आहे? मावशी तीन दिवस नाचली. परत आली तेव्हा गावच्या म्हाताऱ्या बायकांनी लेकराला पुरलंसुद्धा होतं. मयतीशिवाय दफनभूमीत पाऊल टाकायचं नाही ही आमची रीत, आणि तिच्या लेकराची मयत तर होऊन गेली होती. त्याला एक्केचाळीस वर्षं झाली. अजून ती दफनभूमीच्या झाडीवरून जाताना तोंड फिरवते.

म्हणून आमचा नाच असा होता. आम्ही नऊ बायका जोरात नाचतोय आणि मधेच मावशी थांबते. तीन मिनिटं नुसती उभी राहते. बाकीच्या थोडा वेळ नाचतात, मग एकीचं पाऊल चुकतं, मग दुसरीचं, शेवटी ढोलही थांबतो. बस, एवढंच. तेव्हा तिला जे करता आलं नाही ते आता सगळ्यांसमोर करायचं. पहिल्या तालमीला ढोल वाजवणारी एनिफा उठून बाहेर गेली आणि बराच वेळ आत आली नाही.

निधीचा अधिकारी लामेक तालीम बघायला आला. चांगला शिकलेला, गोड बोलणारा माणूस. त्यानं खूप कौतुक केलं आणि मग वही उघडली. थांबणं फार लांबलंय, बाई पावलं विसरली असं लोकांना वाटेल, तेव्हा ते दहा सेकंदांवर आणावं. शेवटी मतपेटी डोक्यावर घेऊन एक आनंदाचा नाच असावा.

मी विचारलं, "लोकशाहीत थांबायलाही परवानगी लागते का?"

तो हसला. वाक्य छान आहे म्हणाला आणि माहितीपत्रकासाठी लिहून घेतलं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण खोटं कशाला बोलू, मी मान डोलावली. नऊ घरांचं वर्षभराचं पीठ त्या माणसाच्या वहीत होतं. मावशीला जाऊन सांगितलं की दहापर्यंत मोज आणि पुन्हा सुरू कर.

"त्याला सांग, म्हातारीला आकडे येत नाहीत," मावशी म्हणाली.

कार्यक्रम चिपोकाच्या मैदानावर, सकाळी नऊला होता. प्रमुख पाहुणे मंत्री. पाहुणे आल्याशिवाय आमच्याकडं काहीच सुरू होत नाही, त्यामुळं लोकशाही दुपारी एकपर्यंत उन्हात बसून राहिली. निधीनं आमच्यासाठी कापड पाठवलं होतं, त्यावर निधीचं चिन्ह छापलेलं. मग लामेक आला आणि हळूच म्हणाला, "झिनेनानी बाई, साहेब उतरतील तेव्हा गाडीपाशी जरा नाचून स्वागत करा. दोन मिनिटांचं काम आहे."

मी नाही म्हणून सांगितलं. तो म्हणाला, ठीक आहे, तुमची मर्जी.

मग भोंगे वाजवत, झेंडा लावलेली काळी गाडी मैदानात शिरली आणि जे झालं त्याची मला अजून लाज वाटते. आम्हाला कुणी बोलावलं नव्हतं. पण एनिफाचा हात आपोआप ढोलावर पडला. कुणाच्या तरी गळ्यातून किलकारी उठली आणि आम्ही सगळ्या उठून गाडीकडं नाचत निघालो. आमच्यातल्या दोघी तर त्या राजवटीनंतर जन्मलेल्या. मीही निघाले. नाही म्हणून सांगणारी मी, माझी कंबर सगळ्यांच्या आधी हलत होती. गाडी दिसली की नाचायचं, हे आम्हाला आईच्या दुधातूनच मिळालं असावं.

मावशी सगळ्यांच्या पुढं होती. गाडीच्या दारासमोर पोचली आणि थांबली.

मंत्री हसत उतरला. नाचणाऱ्या बाईला नोट देण्याची पद्धत आहे, तशी त्यानं खिशातून नोट काढली आणि मावशीच्या कपाळाला चिकटवली. तिनं हात वर केला नाही. नोट खाली पडली. एकेकीचं पाऊल चुकत गेलं, ढोल थांबला. हजारभर माणसं मान उंचावून बघत होती.

"काय झालं, आई? बरं वाटत नाही का?" मंत्र्यानं विचारलं.

"माझं लेकरू तापानं फणफणलंय," मावशी म्हणाली. "मी नाचायला येत नाही."

समोर कॅमेरे होते. मंत्र्यानं आवाज चढवला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "मग तुम्ही इथं कशाला थांबलात? माझी गाडी न्या. लेकराला आधी दवाखान्यात पोचवा." ड्रायव्हरनं धावत येऊन मागचं दार उघडलं.

लामेक माझ्या कानाशी कुजबुजत होता की अहो हा नाचातला भाग आहे ना, सांगा साहेबांना. मी म्हटलं, तुम्हीच सांगा.

मावशीनं उघड्या दाराकडं बघितलं. मग वाकून गाडीत बसली.

"दवाखान्यात नको, बाळा," ती ड्रायव्हरला म्हणाली. "दफनभूमीत चल. त्याला जाऊन एक्केचाळीस वर्षं झाली. त्याला पुरलं तेव्हा मी ट्रकमध्ये होते."

मंत्र्याचं हसू तोंडावर तसंच राहिलं. हजार माणसांसमोर दिलेली गाडी परत मागायची कशी? पुढच्या रांगेतला एक म्हातारा टोपी काढून उभा राहिला, मग त्याच्या मागची रांग. गाडी निघाली. आम्ही निधीचं कापड कमरेचं सोडलं आणि मयतीला बांधतात तसं डोक्याला बांधलं. निधीनंच आणलेल्या ट्रकमध्ये चढलो. लामेक ट्रकमागं धावत विचारत होता, नाचाचं काय, अहवालात काय लिहू? मी ओरडून सांगितलं, "नाच चालू आहे. बघायचा असेल तर साहेबांना घेऊन चालत या." तालमींचे सहा महिने गिळलेला राग त्या ओरडण्यात होता, आणि तो ओरडून संपला नाही.

दफनभूमीत झाडांखाली लहान लहान उंचवटे होते, काहींवर फुटकी मडकी पालथी घातलेली. कुठला योसेफेचा, हे सांगायला त्या म्हाताऱ्यांपैकी एकही उरली नव्हती. मावशी एकाजवळ गेली, मग दुसऱ्याजवळ. शेवटी दोघांच्या मधे मातीत बसली आणि त्याचं नाव घेऊन मोठ्यानं रडू लागली. आम्ही आठजणी तिच्याभोवती बसलो. मंत्र्याचा ड्रायव्हर टोपी हातात धरून गाडीपाशी उभा होता. त्याचा फोन सारखा वाजत होता. त्यानं तो उचलला नाही.