मार्लशरचा नावफळा

भंगारात जायचा म्हणून ज्याच्या कोपऱ्यावर खडूनं फुली मारली आहे, असा मी एक जुना फळा आहे. मित्रांनो, माझी कीव करू नका. ती मला मानवत नाही. पाच मिनिटं ऐकून घ्या, एवढंच.

मी शाळेतला फळा नव्हे. माझ्यावर कधी कुणी बे एके बे लिहिलं नाही. मार्लशर काउंटी क्रिकेट क्लबच्या पॅव्हिलियनमध्ये, जेवणाच्या खोलीच्या दाराशेजारी मी असतो. माझ्या अंगावर अठ्ठावीस पितळी आकडे आहेत आणि एकेका आकड्यावर एकेका खेळाडूच्या नावाची पांढरी पाटी लटकते. करार झाला की पाटी चढते, करार संपला की उतरते. ज्याच्या कराराचं शेवटचं वर्ष असेल, त्याच्या पाटीच्या कोपऱ्यात तांबडा ठिपका असतो.

मैदानाच्या नदीकडच्या टोकाला पूर्वी एल्मचं भलंमोठं झाड होतं. एका वादळात ते साइटस्क्रीनच्या पांढऱ्या पडद्यावर आडवं झालं. क्लबच्या सुतारानं त्याच्या फळ्या कापल्या, रंधा मारला, आणि मी झालो. त्या वेळच्या कप्तानानं पहिल्याच दिवशी एक नियम घालून दिला. पाटी चढवायची ती कुणीही चढवावी. पण उतरवायची ती त्यानंच, ज्यानं त्या खेळाडूला समोर बसवून "पुढच्या वर्षी तू आमच्यात नाहीस" असं तोंडानं सांगितलं. आणि उतरवलेली पाटी त्या खेळाडूच्याच हातात द्यायची. किती जणांनी ती जपून घरी नेली. एका वेगवान गोलंदाजानं तर ती कोंबड्यांच्या खुराड्यावर ठोकली आणि वर्षानुवर्षं त्याच्या नावाखाली अंडी निघाली.

मीही चांगले दिवस पाहिले आहेत. करंडक जिंकला त्या संध्याकाळी अख्ख्या संघानं मला बिअरची आंघोळ घातली होती. डाव्या बाजूचं माझं वार्निश अजून चिकट आहे. पुढे दिवस पालटले. नवे लोक आले, त्यांच्या हातात चकचकीत यंत्रं आली, आणि मला विचारीनासे झाले. जेवणघर सांभाळणाऱ्या एनिड पार्मेंटर तेवढ्या दर शुक्रवारी व्हिनेगरचं फडकं घेऊन माझे आकडे घासतात.

लोकांना वाटतं, क्रिकेट उन्हाळ्यात खेळतात. खेळत असतील. माझा हंगाम सप्टेंबरअखेर सुरू होतो. बाहेर माळी खेळपट्टीवर नवं बी टाकत असतात आणि आत माझ्यासमोर पुढच्या वर्षीचा संघ ठरत असतो. कोणाला ठेवायचं, कोणाला सोडायचं, बाहेरून कोणाला आणायचं. कित्येक धिप्पाड गडी मी इथे मान खाली घालून उभे राहिलेले पाहिले आहेत. पण प्रत्येकाला कुणीतरी समोर येऊन सांगितलं होतं.

प्रत्येकाला म्हणालो, ते खोटं आहे. एकाला नाही.

सोळा वर्षांपूर्वी डेस्मंड रॅथबोन नावाचा एक सलामीचा फलंदाज होता. त्या वर्षीच्या व्यवस्थापकाला त्याच्याशी बोलायचा धीर झाला नाही. त्यानं कुणी नसताना पाटी काढली आणि खिशात घातली. एप्रिलमध्ये सरावाच्या पहिल्या दिवशी रॅथबोन किटची बॅग खांद्याला लावून आला, तेव्हा चौदावा आकडा रिकामा होता. तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. माझ्या अंगावरून झालेली ती चोरी. त्या दिवसाची मला अजून लाज वाटते.

तोच रॅथबोन आता क्लबचा क्रिकेट संचालक आहे. यंदा संघ त्यानंच ठरवला, संगणकावर. आल्या आल्या त्यानं माझ्या कोपऱ्यावर फुली मारली आणि माझ्या जागी मोठा डिजिटल पडदा मागवला. त्याचंही मला काही नाही. पण गेल्या गुरुवारी सकाळी सव्वाअकराच्या सुमाराला तो माझ्यासमोर आला, इकडेतिकडे बघितलं आणि वॉरेन टॅलॅकच्या पाटीला हात घातला. वॉरेन म्हणजे आमचा यष्टिरक्षक. वय पस्तीस, चौदा हंगाम याच क्लबात, पाटीवर तांबडा ठिपका.

मी पाटी सोडली नाही. ती आकड्यात अडकली. त्यानं हिसका दिला तशी ती पितळेवर करकरली, आणि त्या आवाजानं एनिडबाई आतून बाहेर आल्या.

"कोणाची पाटी ती, डेस्मंड?"

"वॉरेनची. एनिड, तुमचं सूप उतू जातंय."

"जाऊ दे. त्याला सांगितलंस?"

"सोमवारीच मेल केलाय."

"क्लबच्या पत्त्यावर?"

"मग कुठल्या? सगळ्यांना दिलेत ना पत्ते."

"सामने संपले की इथला एक बाप्या तो पत्ता उघडून बघत नाही. नाताळच्या जेवणाचं आमंत्रण त्यांनी मार्चमध्ये वाचलं. त्या जेवणाची बदकं मी कुणाला खाऊ घातली असतील ते तूच ओळख."

रॅथबोन कसंनुसं हसला. एनिडबाई हसल्या नाहीत.

"वॉरेनला डेव्हनमधल्या एका शाळेनं बोलावलंय. पोरांना क्रिकेट शिकवायचं, राहायला घर. आज बारापर्यंत हो की नाही ते कळवायचंय. आणि तो नाही म्हणणार आहे. सकाळी टोस्ट खाता खाता मला सांगत होता. म्हणाला, पाटी अजून वर आहे, कुणी काही बोललेलं नाही, म्हणजे क्लबला मी हवाय. तुझ्या मेलच्या भरवशावर त्या माणसाचं इथलंही जाणार आणि तिथलंही."

रॅथबोनचा चेहरा उतरला. "फोन करतो मी त्याला."

"फोन कशाला? खाली जाळीत सराव करतोय. आता चहाला वर येईल."

"मला कुणी सांगितलं होतं, एनिड?" त्याचा आवाज चढला. "बॅग घेऊन आलो तर आकडा रिकामा. तुम्हीच चहा दिलात मला. त्यानं मी काही मेलो नाही."

"मेला नाहीस. पण सोळा वर्षं झाली तरी या दारातून आत येताना तू मान फिरवतोस. मला दिसत नाही असं वाटलं का? तुझ्यावर अन्याय झाला, बाळा. म्हणून तो तू पुढे वाढायचा का, मी भाजी वाढते तसा?"

त्यांनी त्याच्या हातातून पाटी काढून घेतली आणि परत माझ्या आकड्यावर अडकवली. "आधी सांग. मग उतरव."

एवढ्यात जिन्यात पावलं वाजली. घामानं निथळणारा वॉरेन हातमोजे काखेत मारून वर आला. दोघांना बघून थबकला. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. पाटी अजून हलत होती.

"काय झालं?" तो म्हणाला.

रॅथबोननं जिन्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा पळतो. पण तो उभा राहिला. "वॉरेन, पुढच्या वर्षी आम्ही तुझा करार वाढवत नाही."

वॉरेननं विचारलं, "का?"

"क्लबची पुढची दिशा बघता—"

"दिशा राहू द्या हो. का ते सांगा."

"गुडघे तुझे," रॅथबोन म्हणाला. आता तो त्याच्या डोळ्यांत बघत होता. "फिरकीवर उठायला तुला उशीर होतो. ऑगस्टमध्ये तीन झेल सुटले. एकवीस वर्षांचा एक कीपर घेतोय. आज तुझ्याइतका चांगला नाही. पण होईल."

"चार सुटले," वॉरेन म्हणाला. "एक तुम्हाला दिसला नाही."

एनिडबाईंनी पदराआड तोंड लपवावं तसं हातातलं फडकं तोंडाला लावलं. घड्याळात साडेअकरा झाले होते.

"सोमवारी मेल केला होता मी," रॅथबोन म्हणाला. "तेव्हाच खाली यायला हवं होतं. माझं चुकलं."

"चुकलंच," वॉरेन म्हणाला. "चौदा वर्षं मी या क्लबासाठी उठाबशा काढल्या. तुम्हाला एक जिना उतरवेना?" त्यानं हातमोजे टेबलावर ठेवले. "आणि हेही ऐकून ठेवा. मी संपलो म्हणून जात नाहीये. डेव्हनला पोरं तयार करणार आहे मी. दहा वर्षांत त्यातला एखादा इथे येईल आणि तुमच्या त्या कीपरची जागा घेईल. तेव्हा त्या कीपरलाही असंच समोर उभं राहून सांगा. आता द्या माझी पाटी."

या वेळी मी पाटी धरून ठेवली नाही. ती अलगद निघाली. रॅथबोननं ती दोन्ही हातांनी वॉरेनला दिली. वॉरेननं तिच्यावरची धूळ बाहीनं पुसली, ती काखेत मारली आणि फोन कानाला लावत तो जिना उतरला. शाळेच्या बाईंशी तो बोलत होता. त्याचा "हो" मला इथपर्यंत ऐकू आला.

मित्रांनो, वस्तू जुनी होते, माणूसही जुना होतो. जागा कधीतरी सोडावी लागतेच, त्यात रडण्यासारखं काही नाही. पण ज्यानं तुमच्यासाठी आपले गुडघे झिजवले, त्याच्यासमोर पाच मिनिटं उभं राहण्याचं बळ आपल्या पायांत ठेवा. ते नसेल तर संघ ठरवायला बसू नका.

माझ्याबद्दल म्हणाल, तर येत्या सोमवारी मला काढायला दोन माणसं येणार आहेत, असं ऐकतो. येऊ देत. मला अजून कुणी समोर येऊन काही सांगितलेलं नाही. रॅथबोनसाहेब स्वतः येऊन सांगेपर्यंत मी ही भिंत सोडायचा नाही. माझे स्क्रू बोटभर लांब आहेत, आणि सगळेच्या सगळे गंजलेले आहेत.