ओंडक्यावर आलेला आळ

मित्रांनो, मी एक जुना ओंडका आहे आणि आधीच सांगतो, माझं डोकं फिरलेलं आहे. चिंचेच्या खोडातून मला कापलं आणि खाटकाच्या दुकानात उभं केलं. तीस वर्षं माझ्यावर डुकराचं मांस तोडलं गेलं. खाटकाची आई मला रोज मीठ लावून उकळत्या पाण्यानं घासायची. "आमच्या ओंडक्यावर माशी बसायची नाही हो!" असं गिऱ्हाइकांना कौतुकानं ऐकवायची.

मग तापाची साथ आली. कुणीतरी तिला 'डुकराचा ताप' म्हटलं आणि झालं! गिऱ्हाइकं पलीकडच्या बाजूनं जाऊ लागली. डॉक्टरीणबाई घसा फोडून सांगत होत्या, "अहो, नीट शिजवलेल्या मांसातून हा ताप येत नाही. खोकणाऱ्या माणसापासून येतो." ऐकतो कोण!

शेवटी खाटकानं दुकानातच मोठं पातेलं चढवून आख्ख्या आळीला जेवायला बोलावलं. नेमकं त्याच सकाळी त्याचं अंग तापलं.

"अरे, घरी पड. जेवण पुढं ढकलू," आई म्हणाली.

"वेडी आहेस का, आई? आज झोपलो तर लोक म्हणतील, डुकरानंच याला पाडलं. दुकान कायमचं बसेल."

गोळी गिळून तो उभा राहिला. मांस दोन तास रटरटून मऊसूत शिजलं. तो मात्र त्या कोंदट खोलीत प्रत्येकाच्या ताटावर वाकून वाढत होता, खोकत होता आणि "मसाल्याचा ठसका हो!" म्हणून हसत होता. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो!

चौथ्या दिवशी निम्मी आळी अंथरुणाला खिळली. आई सगळ्यांत आधी. "मांसानंच घात केला!" म्हणत लोकांनी मला मागच्या अंगणात भिरकावलं. तिथल्या खिडकीतून आईची खाट दिसायची.

"आजींनी त्या दिवशी किती मांस खाल्लं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"एक घासही नाही. तिला दात कुठं आहेत? मीच मऊ भात भरवला, माझ्या हातानं..." खाटीक आपल्या हातांकडे बघू लागला.

दोन दिवसांनी आई गेली.

मित्रांनो, मांस नीट शिजवा, हात धुवा. पण अंग तापलं की लाज सोडून घरी पडा! आणि उगाच आम्हा मुक्यांवर आळ घेऊ नका.

मला आता कुणी घासत नाही. माझ्यावर माशा बसतात.