जिन्याखालची फुलं

प्रागमधल्या आमच्या युक्रेनियन मंडळाकडे वारसा म्हणावा असा एकच ऐवज उरला होता: झिझकोव्हमधल्या एका जुन्या इमारतीत जिन्याखाली रंगवलेली लाल फुलं. ओमेल्को शपारेंको नावाच्या निर्वासित विद्यार्थ्याने ती १९२६ साली काढली. त्याची मुलगी मिलांका, वय पंच्याऐंशी, त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहते. मालकाला तिथे सायकली टांगायच्या होत्या. वारसा खात्याने फुलं जुनी ठरवली, तरच भिंत वाचणार होती.

मी मंडळाचा चिटणीस. पाहणीच्या आधी भिंत जरा स्वच्छ करा, असं मी युद्धामुळे द्नीप्रोकडच्या खेड्यांतून आलेल्या बायकांना सांगितलं. बाकी भाषणाची तयारी चोख होती.

गुरुवारी वारसा खात्याचे साहेब आले. त्यांनी फुलाला बोट लावलं. बोट लाल झालं.

"सुरेख. कधीची?"

"एकोणीसशे सव्वीस," मी म्हणालो.

"अजून वाळली नाहीत."

मी त्या बायकांतल्या ओदार्काकडे पाहिलं. तिच्या हातात मांजराच्या केसांचा ब्रश होता.

"असे काय बघता, चिटणीस? रविवारी ईस्टर! आधी चुना मारला, मग फुलं काढली. तुमच्या घरी काय शिळ्या फुलांवर सण करतात?"

"आणि जुनी?"

"चुन्याखाली आहेत की. पळून जातात होय?"

"मग चुना खरवडून बघा ना, साहेब," मी म्हणालो.

"त्याला परवानगी लागते. ती फक्त वारसा ठरलेल्या भिंतीला मिळते." साहेबांना खरंच वाईट वाटत होतं. तसं त्यांनी लिहूनही दिलं.

एवढ्यात कठडा धरत मिलांकाबाई खाली उतरल्या.

"बाबाही दर ईस्टरला असंच करायचे," त्या म्हणाल्या. मी डोळ्यांनी खुणावलं, पण उशीर झाला होता. "सत्तर साली शेवटची काढली. मग हात चालेना." त्या भिंतीकडे बघत राहिल्या. "ती आता दिसायची नाहीत ना?"

ओदार्काने ब्रश पाठीमागे लपवला.

"तू छान काढलीस हो, पोरी," बाई म्हणाल्या.

शनिवारी मालकाचा माणूस ड्रिल घेऊन आला. भोकातून भुकटी गळू लागली. आधी लाल, मग पांढरी, पुन्हा लाल, पुन्हा पांढरी. पुरावा अगदी वर्षवार बाहेर पडत होता. मी खात्याला फोन लावला. मंगळवारपर्यंत बंद. ईस्टर त्यांचाही होता.

मिलांकाबाईंनी भोकाखाली रुमाल धरला होता.

"अहो आजी, सरका, डोळ्यांत जाईल," तो माणूस म्हणाला.

त्या सरकल्या. दुसरं भोक पाडायचं होतं, तिथे.