खंडेनवमीचं यंत्र

विंचूरच्या औद्योगिक वसाहतीत संतोषचं वेल्डिंगचं शेड होतं आणि नाकावर माशी बसू न देण्याचा स्वभाव होता. कांद्याची पात आणि मुळं एका दमात कापणारं यंत्र त्याने स्वतःच्या डोक्याने बनवलं. बायको, साधना, म्हणाली होती, "अहो, आधी पेटंटचा अर्ज करा, मग दाखवा जगाला." संतोष हसला. पेटंट म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, असं त्याचं ठाम मत होतं.

शिवाय खंडेनवमी तोंडावर आलेली. त्या दिवशी हत्यारांची पूजा करायची आणि नवं यंत्र झाकून ठेवायचं? त्याने ते हार घालून, हळदकुंकू लावून दारात मांडलं. पेढे वाटले. सगळ्यांसमोर पोतंभर कांदा कापून दाखवला, झाकण उघडून आतली पाती कशी फिरतात तेही समजावलं आणि त्याचा व्हिडिओ गावभर धाडला. पुढारी, व्यापारी, कारखानदार, सगळे माना डोलावत होते. कौतुकाला हपापलेला माणूस किती मूर्ख दिसतो, हे त्या व्हिडिओत स्वच्छ दिसतं.

वर्षभरात नाशिकच्याच एका कारखान्याने हुबेहूब तेच यंत्र बाजारात आणलं. तेव्हा कुठे संतोष नाशिकला इंदिरानगरात, पेटंटची कामं करणाऱ्या तेजस्विनी मॅडमकडे धावला.

"आधी कुणाला दाखवलं होतंत?"

"सगळ्या गावाला. पूजा होती ना."

तिने लॅपटॉप मिटला. "मग कायद्याने ते नवं राहिलं नाही. सरकारने जाहीर केलेल्या प्रदर्शनात मांडलं असतंत तर वर्षभराची सवलत मिळाली असती. पूजेला मिळत नाही."

वा रे कायदा, संतोष मनातल्या मनात थुंकला. मंडप सरकारी असला की माफी, देवापुढे मांडलं की हक्क गेला. वर सरकार त्याच चोरट्या यंत्राला अनुदान देत होतं, कारण तपासणीचा दाखला कारखान्याकडे होता.

उन्हाळ कांद्याच्या काढणीत शेजारचा धोंडीराम ते अनुदानाचं यंत्र ट्रॉलीत घालून आला. पाती फिरवणारा दांडा मोडला होता. तो कुठे मोडणार हे संतोषला ठाऊकच होतं. चूक मूळची त्याचीच, त्या अकलेच्या कांद्यांनी ती यंत्रासकट उचलली होती. आता त्यावरचा उपायही त्याने शोधून काढला होता. मात्र या खेपेला मॅडमनी बजावलं होतं, अर्ज दाखल होईपर्यंत कुणालाही दाखवायचं नाही.

"पुन्यांदा मोडणार नाय ना?" धोंडीराम म्हणाला. "कांदा रानात उघडा पडलाय, आन् आभाळ लय भरून आलंय."

साधना दारात उभी राहून नवऱ्याकडे बघत होती. कारखानदाराची येत होती तशीच संतोषला आता स्वतःचीही किळस आली.

"मोडंल," तो म्हणाला. "कंपनीनं बनवलंयच तसं."

आणि दांडा होता तसाच जोडून दिला.