पूल चाळीस पावलं सरकला होता

ताईने एकोणीस वर्षं दफ्तरखान्याची धूळ खाल्ली होती. शंभर वर्षांपूर्वी तापाच्या साथीत गेलेल्यांना नेमकं कुठे पुरलं, हा एकच प्रश्न तिने धरून ठेवला होता. तिची धाकटी बहीण चिंगी नकाशा कार्यालयात होती. तिने तो प्रश्न नऊ दिवसांत सोडवला.

तिने साथीच्या वर्षातला हाताने काढलेला नकाशा स्कॅन केला, आणि पूल, घंटाघर, विहीर या तीन खुणा जुळवून संगणकावर आजच्या उपग्रहचित्रावर बसवला. दफनभूमीची चौकट शाळेच्या मैदानात येऊन पडली. वर्तमानपत्रात चिंगीचा फोटो आला.

"ताई, तुझ्याच कामावर उभी राहिले गं मी," चिंगी फोनवर म्हणाली.

"हो, बाई. उभी राहा. मी खालीच बरी," ताई म्हणाली आणि हसली. दात मात्र आवळलेले होते.

तो नकाशा बघताक्षणी ताईला चूक कळली होती. साथीनंतर सहाव्या वर्षी पुरात पूल वाहून गेला आणि नवा चाळीस पावलं नदीच्या वरच्या अंगाला बांधला. तेव्हाच्या बांधकाम खात्यातल्या ओव्हरसियरच्या टिपणात तिने ते कधीच वाचलं होतं. तीनच खुणा असल्या की एक चुकली तरी संगणक तक्रार करत नाही. सगळा नकाशा मुकाट्याने तिरपा बसवतो. ताईही मुकाट राहिली. पडू दे तोंडावर एकदा, असं तिला वाटलं, आणि वाटल्याचं वाईटही वाटलं नाही.

खोदकाम सुरू झालं. दोन दिवस नुसती माती निघाली. खड्ड्याच्या कडेला एक म्हातारे घड्याळजी घडीचं स्टूल टाकून बसायचे. तिसऱ्या दिवशी ताई मजा बघायला गेली, तेव्हा ते सरकून म्हणाले, "बसा. माझ्या वडिलांची आई आहे इथे. वडील चार वर्षांचे होते. तिची जागा शोधत शोधतच गेले बिचारे. आज निघेल, नाही का?"

ताईला बसवेना. ती थेट चिंगीपाशी गेली.

"पूल काढून टाक. तो तेव्हा तिथे नव्हता. त्याऐवजी साथीच्या रोग्यांच्या छावणीच्या दरवाज्याचा दगड धर, जुन्या नकाशातही आहे आणि अजून जागेवर आहे."

चिंगीने तिथेच लॅपटॉप उघडला. चौकट सरकून कुंपणापलीकडच्या मोकळ्या जागेवर गेली. तिने मान वर केली.

"तुला आधीपासून माहीत होतं?"

ताईने नजर खड्ड्याकडे वळवली.

"तीन दिवस, ताई?"

दुसऱ्या दिवशी दुपारी पहिली हाडं लागली. घड्याळजींनी टोपी काढली आणि बराच वेळ ती हातातच धरून उभे राहिले.

महिन्याभराने अहवाल टपालाने आला, सोबत चिठ्ठी नव्हती. मुखपृष्ठावर ताईचं नाव पहिलं होतं, चिंगीचं दुसरं. आत एक ओळ होती: पुलाची चूक ज्येष्ठ संशोधिकेने वेळेवर लक्षात आणून दिली.

वेळेवर! ताईने तो शब्द तीनदा वाचला. बुद्धी चिंगीची, यंत्र तिचं, आणि आता मनाचा मोठेपणाही तिचाच. ताईचा पुन्हा जळफळाट झाला. तरी तिने फोन उचलला. चिंगीने तो घेतला नाही, तेव्हा चप्पल घालून ती तिच्या घराकडे चालू लागली.