नऊ दिवसांचा पारा

दुसऱ्यांच्या कामात नाक खुपसायची बाबांची सवय जुनी आहे. माझ्या प्रबंधात त्यांनी ते खुपसलं २०२०च्या मे महिन्यात. दोन महिन्यांसाठी इथे परदेशात, क्लोनडॉकिनला, माझ्याकडे आले होते. विमानं बंद झाली आणि अडकले.

माझा विषय होता शंभराहून जास्त वर्षांपूर्वीचं एक जहाज. ध्रुवाकडे निघालं, बर्फात रुतलं आणि दोन हिवाळ्यांनंतर देवमाशांची शिकार करणाऱ्या जहाजाने त्यातली माणसं सोडवली. हवेच्या नोंदी ठेवायचा किलकेनी गावचा डॉयल नावाचा खलाशी. त्याच्या वहीत जानेवारीतले नऊ दिवस पारा उणे एकतीसवरून हललाच नव्हता. माझं एक अख्खं प्रकरण त्या नऊ दिवसांवर उभं होतं आणि जूनमध्ये द्यायचं होतं.

बाबा तीस वर्षं कोकणातल्या एका हवामान केंद्रावर निरीक्षक होते. वहीचे फोटो स्क्रीनवर पाहून म्हणाले, हे आकडे मनाने लिहिलेत. मी भडकले. मग वाऱ्याच्या नोंदी कशा रोज वेगळ्या, असं विचारलं.

"वारा अंथरुणातूनही ऐकू येतो, मुक्ता. पारा बघायला बाहेर जावं लागतं."

चौथ्या दिवसावर त्यांनी बोट ठेवलं. उत्तरेचा वारा दक्षिणेला फिरला होता. एवढा वारा फिरला आणि पारा जागचा हलत नाही, असं होत नाही म्हणे.

राग होताच, पण आता मलाच चैन पडेना. जहाजावरच्या डॉक्टरची डायरी शोधून काढली. त्याच तारखांना लिहिलं होतं की डॉयलचे पाय सुजलेत, त्याला उठू देत नाही. नोंदीत खंड पडू नये म्हणून बिचारा पडल्या पडल्या आकडे भरत होता. माझं प्रकरण मात्र गेलं.

इतकं नेमकं कसं ओळखलंत, मी विचारलं. बाबांनी चहाचा कप बाजूला सारला.

"मीही लिहिलेत. तीन दिवस. तुला टायफॉइड झाला होता, मी दवाखान्यात बसून होतो."

तीस वर्षांत एकही नोंद न चुकवल्याबद्दल त्यांना मिळालेलं प्रमाणपत्र आमच्या घरी दर्शनी भिंतीवर आहे. तारखा आठवतात का, असं विचारलं, तर त्यांनी वेळांसकट सांगितल्या.

नऊ दिवस वगळतेय, असं मी माझ्या गाइडना कळवलं. मग बाबांनी लॅपटॉप मागून घेतला आणि आपल्या जुन्या केंद्राला तीन ओळींची मेल लिहिली.

"प्रमाणपत्र परत मागतील का गं?"

"मागतील कदाचित," मी म्हणाले.

त्यांनी मान डोलावली आणि मेल पाठवून दिली.