आठ म्हणजे आठ

विक्रांतने फळ्यावरचा आठचा आकडा तळहाताने पुसला आणि तिथे चार लिहिला. मधुरा खुर्चीवरून उठली, चार पुसून पुन्हा आठ लिहिला, मार्करचं टोपण नीट लावलं आणि जागेवर येऊन बसली.

फ्रीगंज भागातल्या त्या ऑफिसात असं यापूर्वी कोणी केलं नव्हतं. विक्रांतचे वडील भय्यासाहेब यांनी ठेकेदारीची ही फर्म काढली तेव्हापासून तिथली रीत ठरलेली. कामाला किती आठवडे लागतील ते माणसाने सांगायचं आणि भय्यासाहेबांनी ते पार्टीसमोर, म्हणजे काम देणाऱ्यासमोर, बसून अर्धं करायचं. पार्टी खूश. म्हणून माणसं मुळात दुप्पटच सांगत, त्यामुळे तीही खूश. पुढे भय्यासाहेब थकून घरी बसले. विक्रांतने नव्या काचा, नवा एसी, नवा फळा असं सगळं आणलं. अर्धं करण्याची रीत मात्र वडिलोपार्जित म्हणून जशीच्या तशी ठेवली.

अनिकेतने मधुराला हे पहिल्याच आठवड्यात समजावून सांगितलं होतं. तो इथला सगळ्यात जुना इंजिनिअर, मनाने भला माणूस. पण ही बाई पुण्याला नोकरी करून आलेली आणि त्याआधीपासूनच हट्टी. तिने विचार करून खरा आकडा काढला आणि लिहिलाही तोच.

काम राम घाटाच्या कडेच्या पायऱ्यांचं होतं. खचलेल्या पायऱ्या काढायच्या, झिरपणारं पाणी पंपाने उपसत राहायचं, नवं काँक्रीट घालायचं आणि त्यावर पाणी मारत ते पक्कं होऊ द्यायचं. पर्वणीला घाटावर फावडंसुद्धा उचलता येत नाही, तेही तिने धरलं होतं. सगळं मिळून आठ आठवडे होत होते. आणि पाचव्या आठवड्यात सोमवती अमावास्या येत होती. चार म्हटलं की नव्या पायऱ्या सोमवतीच्या गर्दीला खुल्या करायच्या. आठ म्हटलं की तेवढा तुकडा बंद ठेवून लोकांना दुसरीकडून नदीत उतरवायचं. कच्च्या पायरीवर ओल्या पायांची ती झुंबड, म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट, हे काही मधुराच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

पार्टीकडच्या, म्हणजे घाटाचं काम देणाऱ्या सरकारी खात्याच्या, उषा मॅडम यायला अजून अवकाश होता. विक्रांतने आवाजात साखर घातली.

"मधुरा, असं करा, तुम्ही सोळा लिहा. मी मॅडमसमोर त्याचे आठ करतो. तुमचं पण राहिलं, माझं पण राहिलं. कशाला फालतू झंझट?"

"आणि मॅडमनी आठाचे परत चार केले तर?"

विक्रांतने दुसराच विषय काढला. मधुराला कायम करण्याचं पत्र याच महिन्यात निघायचं होतं आणि त्यावर सही त्याची लागणार होती. हे त्याने इतक्या सौम्यपणे सांगितलं, की तिच्या अंगाचा तिळपापड झाला. भीतीही वाटली, चांगलीच वाटली. इथेच माधव नगरात आईजवळ राहता यावं म्हणून ती पुणं सोडून आली होती. ही नोकरी गेली की रोज इंदूरची बस, आणि आईला भेटायचं ते फक्त रात्रीच्या जेवणापुरतं. पण आईला नेमक्या अशाच पायऱ्यांवरून सोमवतीला उतरायचं असतं, हेही तिला ठाऊक होतं.

"सर, आठ म्हणजे आठ," ती म्हणाली.

उषा मॅडम आल्या. पोहे झाले, चहा झाला. आधी अनिकेतच्या रेलिंगच्या कामाचा विषय निघाला. फळ्यावर दहा होते. विक्रांतने हसत हसत त्याचे पाच केले आणि मॅडमनी मान डोलावली. सगळं कसं नेहमीसारखं सुरळीत झालं. मग त्याच हसऱ्या चेहऱ्याने विक्रांत पुढे सरकला.

"और ये सीढ़ियों का आठ लिखा है, इसको चार कर देते हैं."

मधुरा या वेळी उठली नाही. बसल्या जागेवरूनच बोलली.

"मैडम, आठ ही लगेंगे. चार में सीढ़ी बन जाएगी, पक्की नहीं होगी."

"थोड़ा तो कम होगा?"

"नहीं."

अनिकेतने हातातलं बिस्कीट बशीत ठेवलं. विक्रांत काहीतरी सारवासारव करू लागला, पण उषा मॅडमचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. अशा बैठकांमध्ये त्यांची अर्धी नोकरी सरली होती. फळ्याकडे एकदा पाहून त्या मधुराला सोडून अनिकेतकडे वळल्या.

"अनिकेतजी, आपके दस के तो पाँच हो गए. असल में कितना लगेगा?"

अनिकेत हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्याने विक्रांतकडे पाहिलं. विक्रांत त्याच्याकडेच पाहत होता. अनिकेतने बोटांवर मोजायला सुरुवात केली आणि दुसऱ्याच बोटावर अडकला. इतकी वर्षं तो दुप्पट सांगत आला होता, की दुप्पट कशाची हे मोजायचं त्याने कधीच सोडून दिलं होतं. त्याचे कान लाल झाले.

"देखना पड़ेगा, मैडम," तो खालच्या आवाजात म्हणाला. मधुराला त्याच्यासाठी वाईट वाटलं. तिला त्याला असं उघडं पाडायचं नव्हतं.

उषा मॅडमनी निर्णय तिथल्या तिथे दिला. सोमवतीला पायऱ्यांचा तो तुकडा बंद राहील, अडथळे लावायचं त्या बघतील. रेलिंगचा आकडा मात्र नव्याने, मोजून आणायचा. एवढं बोलून त्या गेल्या.

खोलीत दोघंच उरली तेव्हा विक्रांत फळा पुसत होता. मधुराकडे पाठ करूनच तो बोलला.

"आज तुमचं झालं. पण आपल्या इथे असं चालत नाही, हे शिकायला तुम्हाला टाइम लागेल. कायम करायचं आपण सहा महिन्यांनी बघू."

मधुराने पर्स उचलली. दारापर्यंत जाऊन ती थांबली.

"सहा म्हणजे सहा, सर? की तीन?"

विक्रांत वळला. उत्तर द्यायला त्याने तोंड उघडलं, पण कुठलाच आकडा त्याच्या तोंडून बाहेर पडेना. मधुरा दारात उभी राहून वाट पाहत राहिली.